माणदेश, त्याच्याच आवाजात

मराठी रेडिओच्या इतिहासात माणदेशाचा वाटा मोठा आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं झाली. ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर यांचा जन्म आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा, गाव माडगूळ. त्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात रुजू झाले आणि तीसेक वर्षं तिथेच राहिले. ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आली होती, ‘बनगरवाडी’ १९५५ चीच. वर्षाला जेमतेम पाऊस पडणाऱ्या मुलखातली ही दोन भावंडं. एकाची गाणी महाराष्ट्राने रेडिओभोवती बसून ऐकली आणि दुसऱ्याने खेड्यातल्या माणसासाठीचे कार्यक्रम घडवले.

माणसं माणदेशची आणि माइक पुण्याचा, ही रीत पन्नासेक वर्षं चालली. मी माण तालुक्यात शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करते. काही गावच्या रेडिओसाठी, काही पॉडकास्टसाठी आणि बरंचसं नुसतं नीट ठेवून देण्यासाठी. हे काम करताना एक गोष्ट मनात पक्की झाली. गावाचा इतिहास ऐकवणं आता सोपं झालं आहे, पण तो पुन्हा सापडेल असा ठेवणं कुणी मनावर घेतलेलं नाही. ऐकवण्याइतकंच ठेवणंही गावाचं काम आहे, एवढंच मला सांगायचं आहे. मात्र त्यासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

१९५६ च्या फेब्रुवारीत पुणे केंद्रावरून एक प्रयोग सुरू झाला. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणी आणि तेव्हाचं मुंबई राज्य सरकार यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली दीडशे गावं घेतली. उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा. प्रत्येक गावात वीसेक शेतकऱ्यांचं एक मंडळ. त्यांनी आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमायचं, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि आपले प्रश्न पुण्याला लिहून कळवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्या पत्रांना उत्तरं मिळत. असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, युनेस्कोने १९५९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि पुढे देशभर अशी मंडळं निघाली.

जगाने दखल घेतली असा हा प्रयोग आपल्या मातीत झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. खेड्यातला माणूस नुसता ऐकून उठत नाही, त्याला मत असतं, हे तिथे सिद्ध झालं. तरीही बोलणारं तोंड पुण्यातच राहिलं. गावाने पत्र लिहायचं आणि पुण्याने उत्तर द्यायचं. गावातल्या म्हातारीने स्वतः माइकसमोर बसून आपल्या गावाची हकिकत सांगावी आणि शेजारच्या वाडीने ती ऐकावी, याला आणखी अर्धशतक जावं लागलं.

मधल्या काळात एक महत्त्वाचा निकाल लागला. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारीही नको आणि कुणा धनवानाचीही नको. त्या खंडपीठावर महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते आणि निकालपत्रही त्यांनी लिहिलेलं. खटला क्रिकेटचा होता, पण त्यातून निघालेलं तत्त्व खेड्यापाड्यांच्या कामी आलं. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना छोटी रेडिओ केंद्रं चालवायची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. २००६ च्या नोव्हेंबरात हे दार स्वयंसेवी संस्थांनाही उघडलं. २००८ मध्ये तेलंगणात दलित महिलांनी चालवलेलं संघम रेडिओ सुरू झालं आणि त्याच वर्षी आमच्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी, ९०.४ एफएम.

म्हसवडला हे केंद्र आलं ते माणदेशी फाउंडेशनमुळे. चेतना सिन्हा आणि इथल्या बायकांनी १९९७ मध्ये महिला बँक उभी केली होती. त्याआधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. ज्यांना कागदाने एकदा परत पाठवलं, त्यांच्याच गावात पुढे बोलण्यावर चालणारं माध्यम आलं, हे मला फार योग्य वाटतं. आमच्याकडे ज्ञान कधी कागदावर फारसं नव्हतंच. पावसाचे अंदाज, बाळंतिणीचा काढा, मेंढरांच्या वाटा, देवाचे मान, भावकीची भांडणं, सगळं तोंडी.

अशा सामुदायिक रेडिओची हद्द लहान असते. प्रसारणाची ताकद साधारण शंभर वॅटची, मनोरा फार तर तीस मीटर उंच, आवाज पोचतो तो दहा-पंधरा किलोमीटर. निदान निम्मे कार्यक्रम तिथल्या माणसांनी तिथेच केलेले असावेत, अशी अट असते. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ती अडचण वाटली. नंतर कळलं, त्यातच इतिहासाला मोकळी जागा आहे. आजच्या घडामोडी सांगायला बंदी असली तरी पन्नास वर्षांपूर्वीच्या घडामोडी सांगायला कुणाची ना नाही. आणि दहा-पंधरा किलोमीटर म्हणजे नेमका तेवढा टापू, जिथे एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक असते.

म्हणूनच रेडिओवर सांगितलेला स्थानिक इतिहास लगेच तपासला जातो. पुस्तकात चूक छापली तर ती पिढ्यान्पिढ्या तशीच राहते; इथे कार्यक्रम संपायच्या आत फोन येतो. सिद्धनाथाच्या रथाविषयी बोलायचं तर हे हमखास होतं. म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचं देऊळ आहे. दोघांचं लग्न लागतं ते तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो. रथावर राजेमान्यांचा मान. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि माण नदीच्या कोरड्या पात्रातून ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’चा गजर जातो. नदीला पाणी असलं तर रथाला वाट बदलावी लागते. कुठल्या साली बदलली, तेव्हा कुठून नेला, कोणत्या घराकडे कोणता मान होता आणि तो दुसऱ्याकडे कसा गेला, यावर प्रत्येक आळीचं वेगळं म्हणणं. एका आजोबांचं बोलणं लावलं की दोन दिवसांत तीन घरांतून निरोप येतात, “आमचंबी ऐकून घ्या.” मी प्रत्येकाकडे जाते. ही सगळी बोलणी एकमेकांशेजारी ठेवली की काय बदललं आणि काय टिकलं ते दिसायला लागतं.

माझ्याकडे अशा कामाची काही पद्धत तयार झाली आहे. ज्यांना आपल्या गावात हे करायचं आहे, त्यांच्यासाठी ती सांगते. खोलीत पत्रा असेल तर वाऱ्याने तो वाजतो, म्हणून दुपारी जायचं नाही. सकाळी गुरं सुटल्यावर जायचं. पंखा बंद. फोन थेट जमिनीवर ठेवला तर हातातल्या बांगड्यांचा, भांड्यांचा, अगदी मांडी बदलल्याचाही आवाज त्यात धपकन येतो. म्हणून घोंगड्याची चार पदरी घडी घालायची आणि फोन तिच्यावर ठेवायचा. आमच्या भागात घोंगडं प्रत्येक घरात असतं आणि त्याच्यासारखा आवाज शोषणारा कपडा दुसरा नाही. मग सगळ्यात आधी, काहीही विचारायच्या आत, आपण स्वतः बोलायचं: आजची तारीख, गाव, वाडी, बोलणाऱ्याचं पूर्ण नाव, माहेर, वय. हे त्या ध्वनिफितीतच हवं. वहीत लिहिलेलं हरवतं. आवाजातली नोंद आवाजाबरोबर राहते.

वय आणि साल हा अवघड भाग. आमच्या आज्यांना जन्मतारीख विचारून उपयोग नसतो. पण काही खुणा पक्क्या असतात. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. बहात्तरचा दुष्काळ. “भूकंप झाला तवा तुमी सासरी हुता का म्हायेरी?” असं विचारलं की आज्या क्षणात सांगतात, “थोरला पोटात हुता.” मग थोरल्याच्या वयावरून लग्न, लग्नावरून जन्म. घरातल्या गोष्टींना साल मिळालं की त्या इतिहासाच्या कामी येतात.

बहात्तरचं बोलणं मी सगळ्यांत जास्त जमवलं आहे. त्या साली पाऊस गेला आणि सरकारने जागोजागी कामं काढली: खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. परदेशातून आलेली मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, रेशनवर मिळाली. कामावरच्या पोरांना आणि बायकांना सुकडी वाटली. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या विचाराने आकाराला आलेली रोजगार हमी पुढे १९७७ च्या कायद्यात बसली, आणि या शतकात देशभरचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचं उदाहरण समोर होतं. हे सगळं पुस्तकांत आहे. पण एका आजींनी मला जे सांगितलं, ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

पाझर तलावाच्या कामावर त्या माती खणायला होत्या. जोडीने चौकोनी खड्डा घ्यायचा. मधोमध मातीचा एक खुंट न खणता सोडायचा. आजूबाजूची माती निघत जाते आणि तो खुंट उंच दिसायला लागतो. मोजणीच्या दिवशी कारकून येतो, त्या खुंटाची उंची मोजतो, म्हणजे किती खणलं ते कळतं आणि तेवढी मजुरी पडते. “पाऊस न्हवताच, पर रातीचं दव पडलं, जनावर घुसलं, तर त्यो ढासळायचा. ढासळला की आठवडा गेला. म्हणून सांच्याला घरी येताना आमी त्याच्याभवती काट्या लावून यायचो.” हे सांगताना आजींनी जमिनीवर हाताने खुंटाची उंची दाखवली. ध्वनिफितीत हात दिसत नाही, म्हणून मी तिथल्या तिथे म्हणाले, “म्हणजे कमरेएवढा?” त्या म्हणाल्या, “कमरेच्या वर. बेंबीला लागायचा.” ऐकणाऱ्याला दिसावं म्हणून असं मधे बोलावं लागतं.

वडीलधाऱ्यांचं बोलणं मला त्या खुंटासारखंच वाटतं. आजूबाजूचं सगळं खणलं गेलं. रस्ते झाले, पाइप आले, पोरं शहरात गेली. किती बदललं ते मोजायला मधे ते उभं आहे, आणि त्याच्याभोवती काट्या लावणं आपल्या हातात आहे.

बहात्तरच्या आधीच्या एका मोठ्या दुष्काळातलं असं काही उरलं नाही. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात मुंबई इलाख्यात लाखो माणसं सरकारी कामांवर होती. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुराचं वेतन कमी करून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणलं. एक पौंड म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम साडेचारशे ग्रॅम, तेही दिवसभर माती वाहणाऱ्या माणसासाठी. १८७७ मध्ये हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली, म्हणून आज ती हकिकत आपल्याला ठाऊक आहे. माण आणि आटपाडीच्या शिवेवरचा राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर इंग्रजांनी माण नदीवर बांधलेला. जमीन बुडाली ती बरीचशी माणची आणि पाणी गेलं आटपाडी-सांगोल्याकडे, हा सल अजून बोलून दाखवतात. पण त्याच्या बांधावर माती टाकणाऱ्या एकाही बाईचा शब्द आपल्यापाशी नाही. १८८५ च्या सातारा गॅझेटियरात गावं आहेत, देवळं आहेत, आठवडे बाजार आहेत. बोलणारं माणूस नाही. त्या काळी साधनच नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणून आपली जबाबदारी मोठी.

कुणाला विचारायचं, हा यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. गावाचा इतिहास म्हटलं की पाटलांच्या वाड्याकडे, पुजाऱ्याकडे, जुन्या पुढाऱ्याकडे बोट दाखवलं जातं. त्यांना विचारायलाच हवं. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. लेखक शंकरराव खरात आटपाडीचे. ‘तराळ-अंतराळ’ हे त्यांचं आत्मचरित्र १९८१ चं. महारकी करणाऱ्या घरातला मुलगा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही. तराळाने गावभर हाक द्यायची, सरकारी हुकूम सांगायचे, सांगावे पोचवायचे. शतकानुशतकं गावाचा निरोप ज्याच्या तोंडून गेला, त्याची स्वतःची हकिकत गावाने विचारली नाही. ती त्याला स्वतः लिहावी लागली. म्हणून गावच्या रेडिओसाठी माणसं निवडताना मी आधी वस्तीपासून सुरुवात करते आणि वाड्याकडे शेवटी जाते.

धनगरांचंही तसंच. आमच्याकडची मेंढरं दिवाळीनंतर पश्चिमेला घाट उतरून जातात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. वाटेत कुठल्या शेतात बसायचं, कुणाशी बोलणं झालं आहे, कुठे पाणी टिकतं, हा अख्खा नकाशा म्हाताऱ्यांच्या डोक्यात असतो. त्यांच्या ओव्या आणि देवकथा जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी गावोगाव हिंडून टेपवर घेतल्या. जात्यावरच्या ओव्यांचं तर हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी पुण्यात राहून केवढं काम उभं केलं! खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांसह. हा ठेवा आता पारी या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात कुणालाही ऐकता-वाचता येतो. एवढं टिकलं, कारण ज्यांनी जमवलं त्यांनी नोंदी नीट ठेवल्या. नाव नसलेली ओवी सुंदर असते, पण नाव-गाव असलेली ओवी इतिहासाचं साधन होते.

काही आठवणी अशाही असतात ज्या लगेच ऐकवायच्या नसतात. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाल्यानंतर सातारा भागात ब्राह्मणांची घरं जळली. माणदेशातही जळली. माडगूळकरांच्या घरालाही ती झळ लागली आणि व्यंकटेश माडगूळकरांनी त्यावर ‘वावटळ’ लिहिली. ज्यांची घरं गेली त्यांची नातवंडं पुण्या-मुंबईत आहेत. त्या दिवसांत जे जमावात होते त्यांची नातवंडं इथेच आहेत. वृद्ध माणसं याविषयी बोलतात, सावकाश आणि दार लोटून. दहा किलोमीटरच्या टापूत नावं घेऊन ते हवेत सोडणं म्हणजे जिवंत माणसांच्या घरात शिरणं. म्हणून मी बोलणाऱ्याला सरळ विचारते, हे आता लावू, तुमच्या माघारी लावू, की नुसतं ठेवू? उत्तर त्याच ध्वनिफितीत त्यांच्याच आवाजात घेते आणि ते पाळते. आज न ऐकवलेलं उद्या ऐकायला मिळेल, पण त्यासाठी ते उद्यापर्यंत टिकायला हवं.

मी या मुद्द्यावर येण्यासाठीच इतकं लिहिलं. सामुदायिक रेडिओच्या नियमांत प्रसारित झालेला कार्यक्रम जपून ठेवायची मुदत आहे तीन महिने. तक्रार आली तर तपासता यावं, एवढाच त्यामागचा हेतू. तीन महिन्यांनंतर काय, यावर नियम काही सांगत नाही. छोट्या केंद्रांपाशी पैसा कमी, माणसं कमी, संगणकात जागा कमी. जुनं पुसून नवं घेतलं जातं. आकाशवाणीतही टेप महाग असायची तेव्हा जुन्या ध्वनिमुद्रणावर नवं घेण्याची रीत होती आणि त्यात किती थोरांचे आवाज गेले, याची हळहळ जुने लोक अजून व्यक्त करतात. तेव्हा टेप महाग होती हे कारण होतं. आज एका बोटाएवढ्या साठ्यात शेकडो तासांचं बोलणं मावतं. आता पुसलं गेलं तर कारण सांगायला जागा नाही.

पॉडकास्टने यातला निम्मा प्रश्न सुटतो. रेडिओवर ज्या वेळी लागलं त्याच वेळी ऐकायचं, पॉडकास्ट केव्हाही. आमच्या मुलखासाठी याची गरज जास्त, कारण आमची माणसं मनोऱ्याच्या टप्प्यात राहिलेलीच नाहीत. विटा, खानापूर, आटपाडी आणि माण-खटावातली हजारो कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आहेत. सराफाच्या पेढीतली धूळ, कानशीचा चुरा, जुने दागिने भट्टीत आटवायचे, तेजाबाने शुद्ध करायचे आणि सोनं वेगळं काढायचं. केरळापासून पंजाबापर्यंत हे काम आमच्या भागातली माणसं करतात. त्यांची पोरं तिथल्या शाळांत तिथली भाषा शिकतात. गणपतीला, यात्रेला गावी आली की आजीच्या बोलण्यातले निम्मे शब्द त्यांना लागत नाहीत. तमिळनाडूतल्या एखाद्या पेठेत भट्टीपुढे बसलेल्या माणसाला म्हसवडच्या आजींचा आवाज मोबाइलवर ऐकायला मिळतो, आणि तो उलट निरोप पाठवतो की हे माझ्या आजोबांनी वेगळं सांगितलं होतं. त्यांच्या गलाईचा इतिहासही असाच जमवायला हवा. पहिला माणूस कुठून कुठे गेला, कुणाच्या ओळखीने गेला, तेजाबाच्या धुराने छातीचं काय झालं, हे सांगणारी पहिली पिढी आता थकली आहे.

पण पॉडकास्टही कुणाच्या तरी खात्यावर असतो. खातं बंद पडलं, कंपनीने सेवा गुंडाळली, चालवणारा मुलगा नोकरीला गेला की सगळं नाहीसं. त्यामुळे तिसरी जागा हवी आणि ती गावातच आहे: सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळतं. पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक ध्वनिकपाट असायला हरकत कसली? दोन हार्ड डिस्क, एक वाचनालयात आणि एक शाळेत. प्रत्येक ध्वनिफितीला क्रमांक. दाखलनोंदीच्या वहीत पुस्तकाच्या ओळीखालीच तिची ओळ: बोलणाऱ्याचं नाव, गाव, वय, तारीख, विषय, कोणत्या खुणेवरून साल ठरवलं, ऐकवायला परवानगी आहे की नाही. ग्रंथपालाला हे काम नवीन नाही. पुस्तकाची नोंद तो रोज करतोच.

आणि ठेवायचं ते जमवायला शाळेतली मुलं आहेत. स्वतंत्रपूरचं उदाहरण घ्या. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंती नाहीत, कुलूप नाही, कैदी शेती करतात आणि बायका-मुलांसह राहतात. त्याच काळात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार सोडून गावांच्या हाती कारभार दिला होता. स्वतंत्रपूरवरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा जगभर गेला. पण त्या वसाहतीशेजारच्या गावांतल्या माणसांनी ते कैदी कसे पाहिले, त्यांच्या पोरांशी कोण खेळलं, त्यांच्या शेतातली भाजी कुणी विकत घेतली, हे विचारायला आटपाडीच्या एखाद्या शाळेतली मुलं फोन घेऊन गेली तर महिन्याभरात केवढं जमेल! आठवी-नववीच्या इतिहासाला प्रकल्प द्यावाच लागतो. मुलं इंटरनेटवरून किल्ल्यांची चित्रं काढून चिकटवतात. त्याऐवजी प्रत्येकाने घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला अर्धा तास बोलतं करावं, रेडिओने त्यातलं निवडून लावावं आणि वाचनालयाने सगळं ठेवावं.

तीन संस्थांनी मिळून करायचं हे काम आहे आणि तिन्ही गावात आहेत. रेडिओपाशी ऐकणारे आहेत, शाळेपाशी विचारणारी मुलं आहेत, वाचनालयापाशी ठेवायची शिस्त आहे. ज्या गावाला रेडिओ नाही, त्याने ग्रामसभेच्या दिवशी पंचायतीच्या भोंग्यावरून दहा मिनिटं लावावीत. तेवढ्यानेही फोन येतील आणि दुरुस्त्या होतील. यंदाच्या रथाला म्हसवडात लाखभर पाय नदीच्या वाळूत उमटतील. त्यात नव्वदीतले आजी-आजोबा असतील आणि त्यांना हाताला धरून आणणारी नातवंडं असतील. त्या नातवंडांना मी शिक्षिका म्हणून एकच गृहपाठ देते: दर्शन झालं की सावलीला बसा, घोंगडं अंथरा, फोन सुरू करा, तारीख सांगा आणि विचारा, “आजी, तुमच्या लहानपणी रथ कुठून जायचा?”